दुपारी अडणारी खिडकी

घाटंजीत दुहेरी काचेच्या खिडक्या असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजता येतील. बहुतेक घरांमागे पुण्यात, हैदराबादेत नाहीतर परदेशात नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी असते. घर इथं, आईवडिलांसाठी. खिडक्यांची पसंती तिकडून, मोबाइलवर फोटो पाहून. माझं दुकान मूळचं अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचं. टू-ट्रॅक, थ्री-ट्रॅक खिडक्या, दुकानांची दारं, बाथरूमची पार्टिशनं, मच्छरजाळी, हा माझा रोजचा धंदा. पण गावात परतण्याआधी पुण्यात वाकड-हिंजवडीच्या इमारतींत यूपीव्हीसी खिडक्या बसवणाऱ्या टोळीत काम केलेलं. त्यामुळे इथं अशी एखादी खिडकी अडली की निरोप माझ्याकडेच येतो. यवतमाळहून किंवा नागपूरहून माणूस बोलवायचा तर त्याचं येण्याजाण्याचं भाडं खिडकीच्या दुरुस्तीपेक्षा जास्त होतं.

निरोप सहसा काचेचा नसतो. तो कुलपाचा असतो. हँडल फिरत नाही, कुलूप लागत नाही, लागलं तर उघडत नाही. आणि प्रत्येकाची मागणी एकच: कुलूप बदलून टाक. आता मी पिशवीत नवं कुलूप आधी टाकतच नाही. आधी पाण्याची लेव्हल, मोजपट्टी, पुट्टीची पातळ पत्री आणि प्लॅस्टिकच्या पॅकिंगांची पुडी टाकतो. बिघाड कुलपात दिसतो, पण तो कुलपात बसलेला क्वचितच असतो.

एका निवृत्त शिक्षकांचं घर आहे. गावात सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. सरांचा मे महिन्यात फोन आला. “बाबू, सकाळी खिडकी मुकाट्यानं लागते अन् दुपारी नखरे करते. कुलूप खराब निघालं बघ.” मी मुद्दाम दुपारी दोनच्या सुमारास गेलो. पारा 44 च्या पुढे असावा. पश्चिमेची भिंत, पुढं झाड नाही, खिडकी दीड मीटर उंच आणि बाहेरून सागवानी रंगाचा कागद चढवलेली. लाकडासारखी दिसते म्हणून लोक तो गडद रंग घेतात. पण गडद रंग ऊन पितो.

यूपीव्हीसी म्हणजे शेवटी प्लॅस्टिक. आत लोखंडी नळी घातलेली असली तरी ते तापलं की वाढतं. दीड मीटरचा तुकडा सकाळपेक्षा 30 अंशांनी जास्त तापला तर जवळजवळ 3 मिलिमीटर लांब होतो. तेवढंच अ‍ॅल्युमिनियम जेमतेम 1 मिलिमीटर वाढेल. आता या खिडकीचं कुलूप कसं चालतं ते पाहा. हँडल फिरवलं की पल्ल्याच्या कडेत लपलेली लांब पट्टी वर-खाली सरकते आणि पट्टीवरची मशरूमच्या आकाराची बटणं चौकटीवर बसवलेल्या कीपमध्ये जाऊन अडकतात. दोन-तीन ठिकाणी एकदम पकडतं, म्हणून त्याला मल्टिपॉइंट म्हणायचं. ही बटणं आणि कीप यांच्यात मोकळीक फार थोडी असते. सरांची खिडकी डिसेंबरात बसवलेली. थंडीत कीप अगदी नेमके जुळवले गेले आणि मे महिन्यात तो नेमकेपणाच नडला. कीपचे स्क्रू सैल केले, ते थोडे सरकवले, बटणं अ‍ॅलन कीनं फिरवून पल्ल्याचा दाब कमी केला. किती सरकवायचं हे दुपारी ठरवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पुन्हा पाहायचं. नाहीतर दुपारी लागणारी खिडकी पहाटे वाऱ्यानं वाजते. सर म्हणाले, “म्हणजे कुलूप चांगलंच होतं तर.” मी म्हटलं, सर, कुलूप चांगलं आहे, ऊन जास्त आहे.

जुन्या सुतारांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आपला यवतमाळ जिल्हा सागाचा. घाटंजी-पारव्याकडच्या जुन्या घरांत अजून सागाचे पल्ले आहेत, वर कडी-कोयंडा. कडी कोयंड्यात चांगली ढिली बसते. पल्ला पावसाळ्यात फुगला तरी कडी चढते, उन्हाळ्यात आकसला तरी चढते. जास्तच फुगला तर रंध्याचा एक हात मारला की झालं. फट राहते, धूळ येते, हिवाळ्यात गार वारा येतो, हे सगळं खरं. पण ती खिडकी दुरुस्त करायला गावाबाहेर जावं लागत नाही. बिजागरी हार्डवेअरच्या दुकानात, कडी लोहाराकडे. मी मल्टिपॉइंट बसवणारा माणूस, तरी त्या ढिल्या कडीबद्दल मला आदर आहे.

सरांच्या घरातली दुसरी खिडकी उन्हानं नव्हती अडत. ती सकाळीही अडायची. हँडल वर खेचून पल्ला उचलला की लागायची. हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. पल्ला उतरलेला असतो, म्हणजे बिजागरीच्या विरुद्ध बाजूचा खालचा कोपरा काही मिलिमीटर खाली आलेला. लोकांना वाटतं बिजागरी गेली. कधी जातेही, स्टीलचे फ्रिक्शन स्टे धुळीनं घासून ढिले होतात. पण आधी काच पाहायची.

काचेचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचं वजन अडीच किलो. पाच एमएमच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला 25 किलो. प्लॅस्टिकची ती हलकी चौकट एवढं ओझं एका बाजूला लटकवून वर्षानुवर्षं काटकोनात राहत नाही. म्हणून काच चौकटीत नुसती ठेवायची नसते, ती पॅकिंग देऊन तिरपी ताणायची असते. खाली बिजागरीच्या बाजूला एक पॅकिंग आणि वर हँडलच्या बाजूला दुसरं. मग वजन कर्णावरून बिजागरीच्या खालच्या टोकाला उतरतं आणि काचच पल्ल्याला उचलून धरते. पुण्यात आमच्या टोळीच्या मुकादमानं पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं आणि बाकी काही नाही शिकलास तरी चालेल म्हणाला होता. गडबडीत बसवलेल्या खिडक्यांत पॅकिंग चारही बाजूंना सारखं घातलेलं असतं, नाहीतर खालच्या खाली घसरलेलं असतं.

तर कुलपासाठी बोलावलेला माणूस काच काढायला बसतो. घरची मंडळी घाबरतात. सरांच्या घरच्या काकू तर म्हणाल्या, “मायबाई, हे काय करून राहिला? फुटली तं?” काच धरून ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्या असतात, बीडिंग. सगळ्यात लांब पट्टीच्या मधोमध पत्री सारून ती वाकवून काढायची, मग बाकीच्या. बसवताना उलट, आखूड आधी. काच पूर्ण बाहेर काढायचीही गरज नसते. चपट्या पट्टीनं कोपरा उचलायचा, वर-खाली पॅकिंग सारायचं, पल्ला बंद करून पाहायचा. अर्धा-एक मिलिमीटरचं पॅकिंग घातलं की तळाचा कोपरा डोळ्यांदेखत वर येतो. काकूंनी स्वतः हँडल फिरवून पाहिलं, दोनदा, आणि मग चहा ठेवला.

खरोखर कुलूपच गेलं असेल तर काम अवघड होतं. हँडलच्या मागं सात मिलिमीटरची चौकोनी दांडी असते, ती ज्यात शिरते तो छोटा गिअर तुटतो. पल्ला उतरलेला असताना माणसं जोर लावून हँडल फिरवत राहतात, आणि सगळ्या ओढाताणीचा भार त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या तुकड्यावर येतो. तो बंद अवस्थेत तुटला तर खिडकी बंदच राहते. हँडलचे दोन स्क्रू काढायचे, भोकातून पट्टी सरकते का पाहायचं, बाहेरून कुणाला तरी पल्ला दाबून धरायला लावायचं. वरच्या मजल्यावर तेही शक्य नसतं, मग पुन्हा काच काढण्यावर येतं. नवा गिअर घेताना पट्टीची लांबी, दांडी पल्ल्याच्या कडेपासून किती आत आहे ते अंतर आणि खाचेचा आकार, तिन्ही जुळावी लागतात. कंपनीगणिक फरक. घाटंजीत मिळत नाही, यवतमाळला नशिबानं मिळतो, नागपूरहून मागवावा लागतो. कधीकधी ती कंपनी बंद झालेली असते किंवा ते मॉडेल. म्हणून नवी खिडकी लावणाऱ्याला मी सांगतो, बिल देतानाच एक गिअर आणि दोन हँडलं जास्तीची घ्या, कपाटात ठेवा. लोकांना हा माझा विकण्याचा डाव वाटतो.

तेलाबद्दल तर बोलावंच लागेल. खिडकी करकरली की आपल्याकडे खोबरेल घालतात. थोडे दिवस बरं चालतं, मग त्यावर धूळ चिकटून काळा लगदा होतो. काही जण रॉकेल किंवा गाडीचं ग्रीस लावतात. पल्ल्याभोवतीचं काळं रबर बहुतेक ईपीडीएमचं असतं. उन्हा-पावसाला ते दाद देत नाही, पण खनिज तेलानं फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉनचा स्प्रे फडक्यावर घेऊन पुसायचा, एवढंच. पट्टीवर, बटणांवर, बिजागरीच्या सांध्यावर, वर्षातून दोनदा: मिरगाच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत.

दिवाळीनंतर घाटंजीत कापूस असतो. वेचणी सुरू होते, बाजार समितीच्या आवारात गाड्या लागतात, जिनिंग चालू होतात. ज्यांना भाव पटत नाही ते कापूस घरीच ठेवतात. समोरची खोली छतापर्यंत भरलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे. कापूस महिनोन्‌महिने घरात राहिला की अंगाला खाज सुटते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घराला माहीत आहे. खिडकीवर तो काय करतो हे कमी जणांना माहीत आहे. खिडकीच्या खालच्या चौकटीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. पावसाचं पाणी रबर चुकवून आत येणारच, असं धरूनच ती केलेली असतात. रुईचे तंतू आणि धूळ मिळून त्या भोकांत असा बूच बसवतात की पहिल्याच पावसाला चौकट पाण्यानं भरते.

साध्या काचेच्या स्लायडिंगला याचा त्रास एवढाच की पाणी ट्रॅकवरून घरात येतं, बेअरिंग गंजतात. दुहेरी काचेचा मात्र जीव त्या भोकांत असतो. दोन काचांच्या मधे सहसा 12 एमएमची पोकळी. कडेनं अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी, तिच्या पोटात ओल शोषणारे बारीक मणी. पट्टीच्या दोन्ही अंगांना ब्युटिलचा चिकट थर, बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा दुसरा थर. आतली हवा कोरडी आणि बंद. ती दिवसा तापून फुगते, रात्री आकसते. काचा किंचित फुगतात-दबतात आणि कडेचा चिकट थर रोज ताणला जातो. तेवढं तो सहन करतो. पण कड पाण्यात बुडून राहिली तर थर सुटू लागतो, ओल आत शिरते, मणी भरून जातात. मग एक दिवस सकाळी दोन काचांच्या मधे धुकं दिसतं. घरातली माणसं आतून पुसतात, बाहेरून पुसतात, मग मला फोन करतात की पुसून जात नाही. ते पुसता येत नाही. भोक पाडून वाळवणारे कारागीर शहरात असतात असं सांगतात. मी ते करत नाही, कारण थर सुटलेला तो सुटलेलाच राहतो. चौकट आणि कुलूप ठेवून फक्त काचेची जोडी बदलायची. ती इथं बनत नाही. माप, दोन्ही काचांची जाडी आणि पोकळी लिहून नागपूरला पाठवायचं. टफन काच असेल तर तयार झाल्यावर तिला कटर लागत नाही, म्हणून माप घेताना मी तीन ठिकाणी रुंदी घेतो, तीन ठिकाणी उंची, आणि दोन्ही कर्ण.

विदर्भात आणखी एक पाणी आहे, कूलरचं. पुण्याला हे मी कधी पाहिलं नव्हतं. आपला कूलर खिडकीत बसतो, बाहेर लोखंडी स्टँडवर, आणि त्याच्यासाठी पल्ला मार्चपासून जूनपर्यंत उघडा किंवा सरळ काढून ठेवलेला. बोअरचं क्षारयुक्त पाणी टट्ट्यांवरून उडतं आणि काचेवर, बिजागरीवर, कुलपाच्या पट्टीवर पांढरा थर बसतो. त्या थरावर स्प्रे मारून उपयोग नाही. पातळ व्हिनेगरनं आधी तो पुसून काढावा लागतो, मग स्वच्छ पाणी, मग कोरडं फडकं. कूलरची हवा खोलीत शिरते तितकीच बाहेर जायला वाट लागते, म्हणजे समोरची खिडकीही उघडी. दोन लाखांच्या दुहेरी खिडक्या, आणि वर्षातले सगळ्यात तापलेले चार महिने त्या उघड्या.

हे मी चेष्टेनं म्हणत नाही. दुहेरी काच थंडीच्या मुलखातून आली. अमेरिकेत थॉमस स्टेटसननं तिचं पेटंट 1865 मध्ये घेतलं. घरातली ऊब बाहेर जाऊ नये हा त्यातला हेतू. बाहेरची आणि आतली हवा वेगळी ठेवायची असेल, म्हणजे एसी चालू असेल, तर तिचा उपयोग इथंही खराच: काचेतून वाहणारी उष्णता साध्या काचेच्या मानानं निम्म्यावर येते. पण आपल्याकडचा खरा त्रास वाहणाऱ्या उष्णतेचा नाही, थेट उन्हाचा आहे. साध्या काचेतून उन्हातली 80 टक्क्यांच्या आसपास उष्णता आत येते. साधीच काच दुहेरी केली तर 70 च्या आसपास. ऊन अडवायचं तर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला धातूचा अदृश्य लेप हवा. तो आहे की नाही हे ओळखायला लायटर पुरतो. ज्योत काचेजवळ धरली की चार प्रतिबिंबं दिसतात. लेपाचं जे असतं त्याचा रंग वेगळा. लेपाचे पैसे घेऊन साधी जोडी बसवलेली घरं मी पाहिली आहेत. चारही ज्योती एकाच रंगाच्या दिसल्या की मालकाचा चेहरा बघवत नाही.

आवाजासाठीही लोक दुहेरी काच मागतात, विशेषतः वरातीच्या रस्त्यावर घर असलं की. बोलण्याचा, गाडीच्या हॉर्नचा आवाज कमी होतो. डीजेचा ढोल नाही होत. दोन्ही काचा एकाच जाडीच्या आणि मधे 12 एमएम एवढीच पोकळी असेल तर तो खोल आवाज बिनदिक्कत पार होतो. एक काच जाड, एक पातळ, किंवा लॅमिनेटेड घेतली तर थोडा फरक पडतो. त्याहून स्वस्त इलाज नवरदेवाच्या बापाला सांगणं, पण तो कुणी करत नाही.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं घरांसाठी 2018 मध्ये इको निवास संहिता आणली. तिच्यात काचेच्या आधी उघडणाऱ्या खिडकीचं क्षेत्र मोजायला लावलं आहे, जमिनीच्या क्षेत्राच्या प्रमाणात. मला ती अक्कल पटते. खिडकी आधी उघडली पाहिजे, मग घट्ट मिटली पाहिजे, मग काचा किती ते बघू.

आणि ग्रिल. आपल्याकडे ग्रिल नाही अशी खिडकी कुणी ठेवत नाही. चोर आहेत, वानरं त्याहून जास्त. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्याला ग्रिल आतून लागते आणि भिंतीत कायमची ठोकली जाते. काचेची बीडिंगही आतून. म्हणजे काच बदलायची वेळ आली की आधी ग्राइंडरनं ग्रिल कापायची, मग वेल्डिंग, मग रंग. धुकं धरलेल्या एका काचेपायी ग्रिल, प्लॅस्टर आणि घरातली शांतता, तिन्ही जातात.

सध्या असंच एक घर बांधणं चालू आहे. मुलगा परदेशात, व्हिडिओ कॉलवर त्यानं मला नकाशा दाखवला. सगळीकडे दुहेरी काच हवी होती. मी म्हटलं, एसी असलेल्या दोन खोल्यांना घ्या, लेपाची घ्या, आणि पांढरी चौकट घ्या, सागवानी नको. हॉलला साधी थ्री-ट्रॅक स्लायडिंग. ग्रिल नटबोल्टची, काढता येईल अशी, बोल्टची डोकी आतल्या बाजूला. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा. पश्चिमेला नुसत्या छज्ज्यानं भागत नाही, चारनंतर ऊन त्याच्या खालून घुसतं; तिथं बाहेरच्या भिंतीत आत्ताच हुक टाका, उन्हाळ्यात हिरवी नेट किंवा बांबूची चटई सोडता येईल. काचेच्या आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची चटई जास्त काम करते, कारण ऊन काचेपर्यंत पोचतच नाही.

तो सगळं लिहून घेत होता. मागून त्याच्या आईचा आवाज आला, “ते सगळं ठीक हाय भाऊ, पण कूलर कोठी लावाव मी?” नकाशात कूलरला जागाच नव्हती. हॉलच्या उत्तरेच्या खिडकीखाली एक वेगळं, लहान झडपेचं भोक काढायचं ठरलं, कूलरपुरतं, साध्या कडीचं. छज्ज्यावर अजून एकमत नाही. छज्ज्यामुळे दर्शनी भाग जुनाट दिसतो असं त्यांच्या आर्किटेक्टचं म्हणणं आहे. लिंटेलची शटरिंग बांधायला घेतली की मी पुन्हा जाऊन बोलणार आहे, दुपारी.